कॉम्प्युटर नव्हे, टॅब्युलेटर

मच्छिंद्र गागरेला "काय म्हणतोय तुझा कॉम्प्युटर?" असं विचारून कोणी सुखानं पुढे गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. विचारणारा बिचारा रस्त्यात भेटला म्हणून दोन शब्द बोलायचा. मच्छिंद्र सायकलवरून उतरायचा, सायकल स्टँडला लावायचा, पँटची क्लिप काढायचा आणि म्हणायचा, "तो कॉम्प्युटर नव्हे. टॅब्युलेटर आहे. फरक सांगतो." मग विचारणाऱ्याची एस.टी. चुकायची.

मी तेव्हा आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होतो. कारखाना राहुरी आणि श्रीरामपूरच्या मध्ये कुठंतरी आहे. नाव सांगत नाही, कारण तेव्हाचे चेअरमन आप्पासाहेब यांचे नातू आज संचालक मंडळावर आहेत आणि मला अजून सभासदाची साखर मिळते. ती बंद व्हावी असं काही माझ्या मनात नाही.

एकाहत्तर साली कारखान्यानं मुंबईच्या एका कंपनीकडून यंत्रं भाड्यानं आणली. एका यंत्रावर बसून बटणं दाबली की जाड कागदाच्या कार्डाला भोकं पडायची. दुसरं यंत्र ती कार्डं भोकांप्रमाणे निवडून वेगळी करायचं. तिसरं सगळ्यांत मोठं, धान्याच्या कोठीएवढं. ते भोकं वाचायचं, बेरजा मारायचं आणि खडखडाट करत याद्या छापायचं. कोणाचा ऊस कधी लावलाय आणि कोणाची तोड कधी, हे आता त्या यादीनं ठरणार होतं. तोवर ते आम्ही शेतकी खात्यातली माणसं ठरवायचो, आणि आमच्याकडं येताना लोक हात हलवत येत नसत. त्यामुळं त्या यंत्रांवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता, हे इथंच सांगून टाकतो.

यंत्र शिकायला मुंबईला कोणाला पाठवायचं, यावर आप्पासाहेबांनी फार विचार केला नाही. मच्छिंद्र मॅट्रिक होता, इंग्रजी टायपिंग येत होतं, आणि जाऊ नका म्हणायला बायको नव्हती. तो गेला तेव्हा साधा, लाजरा, उसाच्या वजनकाट्यावरचा कारकून होता. परत आला तो दुसराच माणूस. खिशाला दोन पेनं, आणि तोंडात प्रत्येक गोष्टीचं नाव.

त्या साली वार्षिक सभेच्या मांडवात आप्पासाहेबांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं, "मंडळी, आपल्या कारखान्यात कॉम्प्युटर आला हाय!" टाळ्यांनी मांडव दणाणला. टाळ्या थांबल्या आणि मागून आवाज आला, "साहेब, एक दुरुस्ती आहे." सगळ्या सभेनं मान वळवली. मच्छिंद्र हात वर करून उभा होता. "तो कॉम्प्युटर नाही साहेब. टॅब्युलेटर आहे. कॉम्प्युटर स्वतःच्या पोटात प्रोग्राम साठवतो. ह्याला बाहेरून वायरी खोचाव्या लागतात."

"खाली बस," आप्पासाहेब म्हणाले. तेही माईकवरूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या खोलीच्या दारावर निळ्या रंगात हातभर अक्षरांची पाटी लागली : कॉम्प्युटर विभाग. त्या दिवसापासून मच्छिंद्रनं पुढच्या दारानं आत जाणं सोडलं. खोट्या पाटीखालून जायचं नाही म्हणे. तो गोदामाला वळसा घालून मळीच्या टाकीशेजारच्या मागच्या दारानं जायचा. तिथं जमिनीवर कायम मळी सांडलेली. गडी तत्त्वाचा पक्का होता आणि त्याच्या चपला दिवसभर फरशीला चिकटून चर्रचर्र वाजायच्या.

खोलीत त्यानं कायदा केला. चुकीचा शब्द वापरील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. शब्द चार होते आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ करायला लावी. "कार्ड म्हणजे नुसता कागद. त्याच्यावर भोकांनी जी माहिती लिहिली तो डेटा. त्या डेटाचं यंत्रानं काय करायचं, हे मागच्या बोर्डावर वायरी खोचून सांगायचं, तो प्रोग्राम. आणि आडसाली उसाला एक, पूर्वहंगामीला दोन, सुरूला तीन, खोडव्याला चार, हे जे आकडे दिलेत तो कोड. कळलं?"

आडसाली म्हणजे आषाढ-श्रावणात लावलेला ऊस. तो दीड वर्ष उभा असतो, म्हणून हंगामात पहिली तोड त्याची. सुरू ऊस माघात लावतात, त्याची तोड सगळ्यांत शेवटी. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला आकडे द्यायची गरज काय, हे मला कळत नव्हतं.

"प्रोग्राम हा शब्द आमचा आहे," मी एकदा भांडलो. "शेतकी खात्यात तोडणीच्या यादीला प्रोग्रामच म्हणतात. तुझं यंत्र यायच्या आधीपासून."

"ती यादी आहे, सूर्यभान. यादीला यादी म्हण."

"काय बिघडतं प्रोग्राम म्हटलं तर? ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडल्याशी मतलब."

"पोट दुखत असताना डोकं दुखतं म्हणून सांगितलंस, तर डॉक्टर गोळी कशाची देईल?"

"आमचा डॉक्टर दोन्हीला एकच देतो."

मच्छिंद्र चिडला की कान लाल व्हायचे. ते पाहायला मिळावेत म्हणून मी मुद्दाम चुकायचो. कामाचा रगाडा पडला, की दारातून डोकावून विचारायचो, "मच्छिंद्र, तुझ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामाची कार्डं संपली का रे?" एका वाक्यात तीन चुका. तो हातातलं काम टाकून उठायचा. चहा मला पडायचा, पण तेवढी करमणूक दुसरीकडं एवढ्या स्वस्तात नव्हती. खरा फायदा कँटीनवाल्या पुंजारामचा झाला. तो पुढच्या दारात किटली घेऊन उभा राहायचा आणि ऊस घेऊन आलेल्या अडाणी-शहाण्या सगळ्या माणसांना हाका मारायचा, "पाव्हनं, कॉम्प्युटर बघायचा का? जा, आत जाऊन कॉम्प्युटर दाखवा म्हना." आत गेलेला माणूस चहाचा भुर्दंड घेऊनच बाहेर यायचा.

मच्छिंद्रला जवळचं म्हणून एकच माणूस होतं, त्याची आत्या कडूबाई. आई लहानपणी गेली, तेव्हा ह्या विधवा आत्यानं त्याला वाढवलं. तिची जमीन कालव्याच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. सगळा भरवसा विहिरीवर. त्या विहिरीवर तिनं एकाहत्तरच्या श्रावणात आडसाली ऊस लावला आणि पोरासारखा सांभाळला. बहात्तरच्या उन्हाळ्यात ती शेंगदाण्याचे लाडू घेऊन भाच्याचं यंत्र बघायला आली. लाडू होते म्हणून मीही हजर होतो.

कडूबाईनं खोलीभर नजर फिरवली आणि मोठ्या यंत्राकडं बोट केलं. "ह्या कोठीत वतायचा व्हय रं ऊस?"

"कोठी नव्हे आत्या, टॅब्युलेटर. ऊस न्हाई घालायचा. तुज्या उसाचं कार्ड घालायचं. थांब, तुजं कार्ड मी माज्या हातानं पाडतो."

तो भोकं पाडायच्या, म्हणजे पंचिंगच्या यंत्रावर बसला. कडूबाई मागं उभी. तो बटणं दाबायला लागला, आणि तिनं विचारलं, "मंग लोकं म्हंत्यात त्यो कम्पुटर कोनता? ह्योच का?"

झालं. मच्छिंद्र खुर्चीतल्या खुर्चीत अर्धा वळला. एका हाताचं बोट हवेत उभं, दुसऱ्या हाताची बोटं बटणांवर. कार्ड म्हणजे काय, डेटा म्हणजे काय, प्रोग्राम कुठं असतो आणि कोड कशाला म्हणायचं, सगळं त्यानं तिला समजावलं. तोंड चालू होतं तसा हातही चालू होता. शेवटी कार्ड टपकन खाली पडलं आणि त्यानं ते कौतुकानं तिच्या हातात दिलं. तिनं त्या कार्डाला हळदकुंकू लावायचं म्हटलं, तेव्हा मात्र तो ओरडला. मी तिसरा लाडू खाल्ला.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, ती फिरवलीच. श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले. लोक खडी फोडायच्या कामावर जायला लागले. कारखान्याचा बॉयलर पेटला तेव्हा प्रत्येक सभासदाला एकच घोर होता, की विहीर आटायच्या आत आपला ऊस निघतोय का. संचालक मंडळानं शहाणपणाचा ठराव केला : कॉम्प्युटरच्या यादीत कोणीही हातानं फेरफार करायचा नाही. नाहीतर जो तो आपल्या मेव्हण्याला वर घेतला असता. मला ठराव आवडला नाही, पण तो बरोबर होता.

पहिली यादी लागली. आडसालीवाल्यांची नावं आली, कडूबाईचं नव्हतं. असेल पुढच्या पाळीत, असं तिला वाटलं. दुसरी यादी लागली, तीतही नव्हतं. तिच्या विहिरीवरचं इंजिन आता सुरू करून बिडी पेटवेपर्यंत पाणी तुटायचं. उसाचा शेंडा पिवळा पडला, तुरा फुटला. ती गावाहून निघाली आणि थेट ऑफिसात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

मी पूर्ण हंगामाची यादी उलगडली. तिचं नाव निघालं ते तळाशी, सुरूवाल्यांत, होळीच्या सुमाराला.

"व्हळीला?" कडूबाई म्हणाली. "व्हळीत जाळायलाच ठिवायचा मंग."

ती रडली नाही. चेअरमनच्या ऑफिसच्या व्हरांड्यात गेली आणि खांबाला टेकून खाली बसली. तिथं आधीच पाचपन्नास सभासद गोळा झालेले. कोणाची गाडी उशिरा भरली होती, कोणाची ऊसतोडीची टोळी पळाली होती, आणि सगळ्यांचा सूर एकच होता, की मशीननं घोळ केला. कडूबाईचं ऐकल्यावर सगळ्यांना पुरावाच मिळाला. "आडसाली ऊस व्हळीला! बगा, मशीनचं डोकं फिरलंय!"

आप्पासाहेब बाहेर आले. त्यांना 'कॉम्प्युटर चुकला' हे शब्द मनापासून आवडत, हे मी वर्षभर पाहत होतो. कॉम्प्युटरला भावकी नव्हती, तो मतदार नव्हता आणि त्याला कितीही शिव्या घातल्या तरी तो पुढच्या निवडणुकीत पाडायला उभा राहणार नव्हता. त्यांनी मच्छिंद्रला बोलावणं धाडलं. मच्छिंद्र मागच्या दारानं कडूबाईचं कार्ड घेऊन आला. व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून त्यानं ते उन्हात धरलं. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याचे कान लाल झाले नाहीत, पांढरे पडले.

एकाच्या जागी तीनवर भोक होतं.

ते कधी पडलं, कोणाच्या बोटानं पडलं आणि त्या वेळी दुसरं बोट कुठं होतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय न्हाई मंडळी," आप्पासाहेबांनी त्याच्या तोंडाकडं न बघताच बोलायला सुरुवात केली. "कॉम्प्युटर चुकला हाय. मुंबईला तार करतो. कंपनीचा मानूस यील, पौषात म्हना, संक्रांतीला म्हना, आन् समदं तपासून यादी नवी काढंल. तवर खोलीला कुलूप. दोनी दारांना." मग मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "कॉम्प्युटर चुकला म्हन आन् मोकळा हो. तुजी कायमची ऑर्डर माज्या टेबलावर सहीला पडलीय."

हे मला ऐकू आलं. कडूबाईलाही आलं असावं, कारण ती खांब सोडून सरळ बसली. संक्रांतीपर्यंत तिच्या वावरात सरपणाशिवाय काही उरणार नव्हतं, हे मच्छिंद्रला कळत होतं. चूक कार्डाची आहे म्हटलं, तर नवं कार्ड पाडून यादी त्याच दिवशी बदलता येत होती. चूक कॉम्प्युटरची म्हटलं, तर कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. आणि चुकीचं कार्ड पाडणाऱ्याला कोण कायम करणार? ज्या यंत्रासाठी तो मळी तुडवत होता, ते यंत्र हातचं जाणार होतं.

मला त्या घटकेला त्याची दया आली. इतके दिवस मी त्याच्या शब्दांची चेष्टा केली, पण त्या दिवशी मला मनापासून वाटलं, की ह्यानं एकदा तरी चुकीचा शब्द वापरावा. चहा मी पाजतो, जन्मभर पाजतो. आत्याच्या उसाचं आपण मागाहून काहीतरी करू, असंही मनात आलं. काय करणार होतो देव जाणे.

"साहेब, कॉम्प्युटर चुकला नाही," मच्छिंद्र म्हणाला.

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. "बरं बाबा. तुजं ते टॅबुलेटर चुकलं."

"तेही नाही."

"मंग त्यो प्रोग्राम आसंल," गर्दीतून कोणी म्हणालं. चहा भरून भरून लोकांना शब्द चांगले पाठ झाले होते.

"प्रोग्राम बरोबर आहे. दुसऱ्या सगळ्या आडसालीवाल्यांची नावं वर आली की."

"कोड?" पुंजाराम किटली खाली ठेवून म्हणाला.

"कोड म्हणजे आडसालीला एक. तो काल होता तोच आज आहे."

"मग डेटा," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"डेटा चुकलाय. पण डेटा आपोआप चुकत नाही, सूर्यभान."

"आरं मग चुकलं तरी कोन?" आप्पासाहेब ओरडले.

"मी," मच्छिंद्र म्हणाला. "तीन पाडलं. एक पाडायचं होतं. मी बोलत होतो."

त्या व्हरांड्यात तोवर काटा चुकला होता, पाऊस चुकला होता, सरकार चुकलं होतं, पण 'मी चुकलो' असं कोणी म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. काय करायचं ते लोकांना सुचेना. एकानं तर टोपी काढून पुन्हा घातली.

कडूबाई उठून त्याच्यासमोर आली. "यवढंच हुतं व्हय? तूच हुतास? मंग मगाधरनं ते बाकीचे कोन, ज्यांची नावं घेत हुतास?"

सगळा व्हरांडा हसला. आप्पासाहेबांनाही हसू आलं आणि ते आल्याचा त्यांना राग आला. पण ठराव फेरफार करू नका म्हणत होता, चुकीचं कार्ड दुरुस्त करू नका असं म्हणत नव्हता, आणि हे पाचपन्नास माणसांसमोर झालं होतं. कोणाला भावकी म्हणायची सोय राहिली नव्हती. नवं कार्ड पाडायला मच्छिंद्र निघाला तेव्हा कडूबाई मागोमाग चालायला लागली.

"आत्या, तू हितंच बस," तो हात जोडून म्हणाला. "आन् काय बी इच्यारू नगं."

त्यानं कार्ड पाडलं, माझ्याकडून तपासून घेतलं, पुंजारामकडूनही तपासून घेतलं. पुंजारामला एकचा आकडा ओळखता येतो हे त्या दिवशी कळलं. दिवस मावळायच्या आत नवी यादी लागली आणि कडूबाई तिच्या जागी, वर आली.

आप्पासाहेबांनी कायमची ऑर्डर खणात टाकली आणि मच्छिंद्रला पुन्हा काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करायला धाडलं. त्याच्या जागी त्यांनी आपल्या साडूच्या पोराला यंत्रावर बसवलं. त्या पोरानं पहिल्याच दिवशी कार्डं उलटी घातली. यंत्रानं अशी यादी छापली, की तीत कोणाचंच नाव ओळखू येईना. तिकडं काट्यावर वेगळाच तमाशा. "गाडीचं वजन करायचं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला मच्छिंद्र वजन आणि वस्तुमान यातला फरक समजावून सांगत होता. गाड्यांची रांग काट्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून सडकेपर्यंत गेली. बैलं रवंथ करत बसली. ऊस आत ओढणारी गव्हाण रिकामी फिरायला लागली तेव्हा आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला आणि त्याला परत यंत्रावर बोलावलं. अट एकच होती. पाटी आहे ती राहील आणि सभेत दुरुस्ती सुचवायची नाही. मच्छिंद्रनं अट मान्य केली. मागचं दार मात्र त्यानं सोडलं नाही. कायमची ऑर्डर आप्पासाहेबांनी पाडव्यापर्यंत अडवून धरली, मग गुपचूप सही केली.

आमच्या कारखान्यात तेव्हापासून नवा शब्द चालू झाला. भाजीत मीठ जास्त पडलं, पोराचं लग्न चुकीच्या घरात ठरलं, संचालक भलताच निवडून आला, की लोक म्हणायचे, "पंचिंगची चूक." मच्छिंद्रच्या कानावर हे आलं की तो थांबायचा, विचार करायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे."

कडूबाईचा ऊस तुटला त्या दिवशी आम्ही दोघं सायकलींवर तिच्या वावरात गेलो. टोळी कामाला लागली होती. कोयते चालत होते, बायका मोळ्या बांधत होत्या. दुष्काळ असा, की उसाचे हिरवे शेंडे, वाढे, न्यायला बैलवाले बांधावर टपून बसलेले. वजनात घट आली होती, पण निम्म्याहून बराच जास्त ऊस वाचला होता. कडूबाई बांधावर शेजारणींना सांगत होती, "माज्या भाच्यानं चूक केल्ती. सोताच्या हातानं." तिचा आवाज असा, की जणू भाच्याला मामलेदार केलं. मग तिनं दोन कांडी सोलून आमच्या हातात दिली.

"त्यो कम्पुटर चुकला आसता ना," ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तर ऊस आजून हुबाच आसता बग."

मी मच्छिंद्रकडं पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल होत होते. त्यानं कांडं तोंडात घातलं, शेवटपर्यंत चावलं, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, सुधारला गडी. कांडं संपलं. त्यानं चोथा बाजूला थुंकला, तोंड पुसलं.

"टॅब्युलेटर, आत्या."

"व्हय बाबा, टॅबुलेटर," कडूबाई म्हणाली, आणि आमच्यासकट सगळ्या टोळीसाठी चहाचं आधण ठेवायला उठली.